तोंड, तळ आणि चौपट मध्य

(नाशिकमधल्या एका वाचनालयात द्राक्ष बागायतदार आणि शाळकरी मुलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी.

पावसाळ्यात नाशिकच्या माणसाला विचारा, नदीला पाणी किती? तो आकडा सांगत नाही, मारुती सांगतो. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते आपण नंतर पेपरात वाचतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर पुढे सरकताहेत. हे डोळ्यांसमोर येत नाही, मारुती येतो. आणि पुरासाठी मारुतीचं माप योग्यच आहे. दुकानाचा उंबरा, घराची पायरी, देवळाचा ओटा या सगळ्या उंचीच्या गोष्टी आहेत. पूर उंचीनेच घरात शिरतो.

अडचण होते ती साठवलेल्या पाण्याची. तिथेही आपण सवयीने उंचीच बघतो. टाकी अर्धी आहे, विहिरीला दोन परस पाणी आहे, तळं निम्म्यावर आलं. भांडं तळापासून तोंडापर्यंत एकसारखं असेल, सरळ उभा पाइप असेल, तर निम्मी उंची म्हणजे निम्मं पाणी. आपल्या शेतातली, रस्त्यावरची आणि घरातली किती भांडी अशी सरळ असतात? आज मला यावरच बोलायचं आहे, आणि एका नुकसानीपासून सुरुवात करायची आहे.

मी शाळेत गणित शिकवायचे. माझ्या धाकट्या भावाची दिंडोरी तालुक्यात दोन एकर द्राक्षबाग आहे. त्याने शेततळं करायचं ठरवलं. वर तोंडाशी ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. खोदणाऱ्या ठेकेदाराने हिशोब सांगितला: तीस गुणिले तीस गुणिले तीन, २,७०० घनमीटर, सत्तावीस लाख लिटर. भावाने मला फोन केला. "ताई, सत्तावीस लाख बरोबर आहे ना?" मी गुणाकार केला आणि म्हटलं, बरोबर आहे. गुणाकार बरोबरच होता. तळं तसं नव्हतं, आणि ते कसं आहे हे मी विचारलंच नाही. खरडछाटणीनंतर, म्हणजे वेलींच्या उन्हाळ्यातल्या छाटणीनंतर, रोज तीस हजार लिटर ठिबकला लागतील असं त्याने धरलं होतं. सत्तावीस लाखांचे नव्वद दिवस होतात, म्हणजे मार्च, एप्रिल आणि मे निघाला. प्रत्यक्षात मेच्या पहिल्याच आठवड्यात तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदाचा तळ उघडा पडला. काडी तयार होण्याच्या, पुढच्या वर्षीचा माल ठरण्याच्या दिवसांत बागेला मिळेल तेवढं टँकरचं पाणी घातलं. त्या वर्षीचा फटका आम्ही दोघांनी मिळून सोसला. पण "बरोबर आहे" हा शब्द माझा होता, आणि तो मला अजून बोचतो.

पाणी गेलं कुठे? ते तळ्यात कधी आलंच नव्हतं.

शेततळ्याच्या बाजू भिंतीसारख्या उभ्या नसतात. माती ढासळू नये आणि कागद नीट बसावा म्हणून त्यांना उतार देतात. आमच्या तळ्याचा उतार एकास एक होता: एक मीटर खाली गेलं की एक मीटर आत. तीन मीटर खाली जाईपर्यंत प्रत्येक बाजूने तीन मीटर आत आलो. म्हणजे तळ ३० चा राहिला नाही, तो २४ बाय २४ झाला.

हे टेबलावर शाडूच्या मातीचं मी केलं आहे ते त्या तळ्यातलं पाणी आहे, गोठून बाहेर काढल्यासारखं. मीटरचे सेंटिमीटर केले आहेत. पुढच्या रांगेतल्या मुलांनी जवळ यावं. आता दोरा घेऊन मी हे कापते. तळाच्या चारही कडांवरून सरळ वर कापलं की मधोमध एक चौकोनी ठोकळा निघतो: २४ गुणिले २४ गुणिले ३, म्हणजे १,७२८. चार बाजूंना चार लांब पाचरी राहतात. प्रत्येकीचं टोकाकडचं तोंड त्रिकोणी, तीन बाय तीनचा अर्धा, साडेचार, लांबी २४. एक पाचर १०८ ची, चार मिळून ४३२. आणि राहिले चार कोपरे. हे कोपरे हातात घेऊन बघा. वर तीन बाय तीनचा चौकोन आणि खाली निमुळतं होत गेलेलं एकच टोक. असे तीन कोपरे एकमेकांना नीट लावले की तीन बाय तीन बाय तीनचा पूर्ण ठोकळा होतो. करून बघ, बाळ. जमलं? तो ठोकळा २७ चा, म्हणून एक कोपरा ९ चा. चार कोपरे ३६.

१,७२८ अधिक ४३२ अधिक ३६. बेरीज २,१९६. एकवीस लाख शहाण्णव हजार लिटर. ठेकेदाराच्या आणि माझ्या आकड्यात पाच लाख चार हजार लिटरचा फरक.

आता तुमच्यातले काही म्हणतील की इतकी कापाकापी कशाला, सरासरी काढा. काढू या. वरची बाजू ३०, खालची २४, सरासरी २७. सत्तावीस गुणिले सत्तावीस गुणिले तीन, २,१८७. नऊ कमी आले. दुसरी सरासरी काढा. वरचं क्षेत्रफळ ९००, खालचं ५७६, सरासरी ७३८, गुणिले तीन, २,२१४. अठरा जास्त. एक चूक बरोबर एका कोपऱ्याएवढी, दुसरी बरोबर दोन कोपऱ्यांएवढी. ठोकळा आणि पाचरी दोन्ही सरासऱ्यांना नीट सापडतात, गडबड फक्त कोपऱ्यांत होते. पहिल्या रीतीत चार कोपऱ्यांचे २७ धरले जातात, दुसरीत ५४. खरे आहेत ३६.

आणि इथे मला ब्रह्मगुप्त आठवतो. इसवी सन ६२८ मध्ये, आजच्या राजस्थानातल्या भिनमाळला, त्याने ब्राह्मस्फुटसिद्धान्त लिहिला. त्यात खड्ड्यांच्या मापाचा भाग आहे. त्याने या दोन्ही सरासऱ्या दिल्या आहेत, आणि दोन्ही ढोबळ आहेत हे त्याला माहीत होतं. सूक्ष्म उत्तर हवं असेल तर काय करा? मोठ्यातून लहान वजा करा, आलेल्या फरकाचा तिसरा हिस्सा लहानात मिळवा. करा बरं. २,२१४ वजा २,१८७, फरक २७. तिसरा हिस्सा ९. तो २,१८७ मध्ये मिळवला.

२,१९६.

हे पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा मी वही मिटून बराच वेळ गप्प बसले होते. दोन चुकीची उत्तरं घ्यायची, त्यांच्या चुकांचं एकमेकींशी काय नातं आहे ते ओळखायचं, आणि त्या नात्यातून खरं उत्तर काढायचं. तेराशे ते चौदाशे वर्षांपूर्वी कुणीतरी खड्ड्याच्या कोपऱ्यांचा इतका बारीक विचार केला होता. आणि मी फोनवर हो म्हणून मोकळी झाले होते.

पुढे ११५० मध्ये भास्कराचार्यांनी लीलावतीत हेच एका दमात सांगितलं. भास्कराचार्य आपल्याला परके नाहीत. इथून रेल्वेने चाळीसगावला उतरा, पाटणादेवीला जा. त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, त्याचा शिलालेख तिथे आहे आणि तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. तर लीलावतीतली रीत अशी: तोंडाचं क्षेत्रफळ घ्या, तळाचं क्षेत्रफळ घ्या, तोंडाच्या आणि तळाच्या बाजूंची बेरीज करून त्या बेरजांचं क्षेत्रफळ घ्या. तिन्ही मिळवा, सहाने भागा, खोलीने गुणा. त्यांचं उदाहरण बारवेचं आहे. तोंड बारा हात बाय दहा हात, तळ त्याच्या निम्मा, सहा बाय पाच, खोली सात हात. तोंड १२०, तळ ३०, बेरजांचं क्षेत्रफळ अठरा गुणिले पंधरा, २७०. एकूण ४२०, भागिले सहा, ७०, गुणिले सात, ४९० घनहात.

बेरजांचं क्षेत्रफळ हे काय प्रकरण आहे? अठरा आणि पंधरा यांच्या निम्मे नऊ आणि साडेसात, म्हणजे बरोबर मध्यावरचा चौकोन. बाजू दुप्पट असल्या की क्षेत्रफळ चौपट होतं. तेव्हा ती रीत आजच्या भाषेत अशी: तोंड, तळ आणि चौपट मध्य, भागिले सहा, गुणिले खोली. एवढंच पाठ करा. आजचं बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

आमच्या तळ्याला लावा. तोंड ९००, तळ ५७६, मध्य ७२९, त्याची चौपट २,९१६. बेरीज ४,३९२, भागिले सहा ७३२, गुणिले तीन २,१९६. आलं की नाही? आता तळं निम्मं असताना बघा. पाणी दीड मीटर आहे. त्या पाण्याचं तोंड २७ चं, तळ २४ चा, मध्य साडेपंचवीसचा. ७२९, ५७६ आणि ६५०.२५ ची चौपट २,६०१. बेरीज ३,९०६, सहावा हिस्सा ६५१, गुणिले दीड, ९७६.५. म्हणजे निम्म्या उंचीला पाणी नऊ लाख साडेशहात्तर हजार, निम्म्यापेक्षा जवळजवळ सव्वा लाख लिटर कमी. मीटरमागे मीटर मोजलं तर खालच्या मीटरात ६,२५,००० लिटर, मधल्यात ७,२९,०००, वरच्यात ८,४१,०००. अगदी वरचा एक सेंटिमीटर नऊ हजार लिटरचा आणि अगदी तळाचा पावणेसहा हजारांचा. म्हणून मार्चमध्ये पातळी हळू उतरताना दिसते आणि मेमध्ये तितकंच पाणी काढूनही भराभर खाली जाते. शेतकरी म्हणतो तळ्याला गळती लागली. कधी खरंच लागलेली असते. पण आधी हिशोब करा, मग कागद तपासा.

अजून दोन गोष्टी तळ्याच्या सांगते, कारण चूक इथेच जास्त होते. पातळी मोजायला आपण काठावरून दोरी सोडतो आणि ती कागदाच्या उतारावरून जाते. एकास एक उताराला एक मीटर खोलीसाठी दोरी १.४१ मीटर भिजते. पूर्ण भरलेल्या तळ्यात दोरी ४.२४ मीटर भिजेल आणि पाणी खोल असेल तीनच मीटर. दोरीला १.४१ ने भागल्याशिवाय खोली म्हणू नका. तुमचा उतार एकास दीड असेल तर १.८ ने भागा. सोपं हवं असेल तर मधोमध एक तरंगणारा डबा आणि त्याला वजन बांधलेली सुतळी सोडा, ती सरळच जाते.

दुसरी गोष्ट बाष्पीभवन. ते खोलीला विचारत नाही, तोंडाला विचारतं. उन्हाळ्यात दिवसाला सात मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर ९०० चौरस मीटरवरून रोज ६,३०० लिटर जातात. आमचे तीस हजार हे झाडांचे होते, उन्हाचे धरलेच नव्हते. एकवीस लाख शहाण्णव हजार झाडांनाच दिले असते तरी त्र्याहत्तर दिवस. उन्हाचा वाटा काढला की साठ-बासष्ट. मेचा पहिला आठवडा आला की नाही?

आता बॅरलकडे वळते. ते उभं असताना सोपं आहे, पटकन सांगते. औषध फवारणीचं आपलं नेहमीचं पत्र्याचं बॅरल आतून साधारण ५७ सेंटिमीटर व्यासाचं आणि ८५ उंचीचं असतं. व्यासाचा वर्ग, गुणिले ०.७८५४, हे वर्तुळाचं क्षेत्रफळ. ते येतं २,५५२ चौरस सेंटिमीटर, म्हणजे एका सेंटिमीटर उंचीला अडीच लिटरच्या किंचित वर. काठोकाठ भरलं तर २१७ लिटर. दोनशे लिटर होतात साडेअठ्ठ्याहत्तर सेंटिमीटरला. औषधाच्या डब्यावर दोनशे लिटरचं प्रमाण लिहिलेलं असतं आणि गडी काठोकाठ भरतो, म्हणजे औषध आठ टक्के पातळ झालं. आतून ऑइलपेंटने एक रेघ मारून ठेवा, तळापासून साडेअठ्ठ्याहत्तरवर.

तेच बॅरल आडवं केलं की खेळ बदलतो. टँकर म्हणजे आडवं बॅरलच. त्या मे महिन्यात एका टँकरमधलं पाणी आम्ही आणि शेजारी वाटून घेतलं. दहा हजारांचा टँकर, आमचं झाल्यावर चालकाने वरून काठी घातली आणि म्हणाला, "पाव राहिलाय." शेजाऱ्याने अडीच हजारांचे पैसे दिले. आडव्या गोल टाकीत पाव उंचीला किती पाणी असतं? १९.५५ टक्के. त्याला मिळाले दोन हजारांहूनही कमी. चालकाने फसवलं असं मी म्हणणार नाही, त्याच्या काठीला सरळ रेघा होत्या आणि टाकी गोल होती.

लिहून घ्या. उंचीच्या दहा टक्के पाणी असेल तर टाकीत ५.२ टक्के. वीसला १४.२. तीसला २५.२. चाळीसला ३७.४. पन्नासला पन्नास. पुढे उलटं: सत्तरला १०० वजा २५.२, म्हणजे ७४.८. हे आकडे गोल टाकीचे आहेत, आणि गंमत अशी की आपले बरेच टँकर असतात तसे लंबगोल असले तरी हेच आकडे चालतात. लंबगोल म्हणजे वर्तुळ एका दिशेने ताणलेलं. ताणताना प्रत्येक आडवा थर त्याच प्रमाणात ताणला जातो, मग हिस्से बदलायचं कारणच नाही. टोकांचे फुगवटे तेवढे वेगळे मोजावे लागतात, पण टँकरच्या लांबीपुढे ते थोडे. पेट्रोल पंपावर जमिनीखालच्या टाकीत गज घालून जो तक्ता बघतात, तो याच कारणाने सरळ चालीचा नसतो.

मघाची आपली रीत इथे लावली तर? आडव्या टाकीचं तोंड शून्य, कारण अगदी वर नुसती रेघ उरते, तळही शून्य, मध्य पूर्ण रुंदीचा. चौपट मध्य भागिले सहा केलं की उत्तर खऱ्याच्या पंधरा टक्के कमी येतं. रीत फसली. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण कुठलीही रीत कुठे चालत नाही हे माहीत असणं हा तिच्या ज्ञानाचाच भाग आहे. गोल टाकीच्या तळाशी रुंदी एकदम उघडते, तीनच थर घेतले तर ती चाल निसटते. तीच टाकी काकडीच्या चकत्यांसारखी गोल गोल कापा, सगळे थर सारखे येतात आणि रीत पुन्हा अचूक होते. भांडं कसं कापायचं हे आपल्या हातात असतं.

आता पिंपाची गोष्ट. इथून गंगापूर धरणाकडे किंवा दिंडोरीकडे गेलात तर वायनरीच्या तळघरांत लाकडी पिंपं रचलेली दिसतील, पोटाशी फुगलेली. साल १६१३. ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात योहान्नेस केप्लर राहायचा, ग्रहांच्या कक्षा लंबगोल असतात हे ज्याने शोधलं तोच. त्याचं दुसरं लग्न होतं. घरात द्राक्षमद्याची पिंपं आली. विक्रेत्याने पिंपाच्या पोटाला मधोमध असलेल्या भोकातून एक काठी तिरकी घातली, समोरच्या टोकाच्या तळकोपऱ्याला टेकवली, काठी किती आत गेली ते बघितलं आणि किंमत सांगितली. बुटकं पिंप, लांब पिंप, सगळ्यांना तीच काठी.

केप्लरला ते पटेना, आणि न पटणं योग्य होतं. काठी सत्तर सेंटिमीटर आत गेली असं समजा. सरळ नळकांड्यासारखं पिंप धरू. तीस सेंटिमीटर लांबीच्या बसक्या पिंपातही काठी सत्तर जाऊ शकते, त्यात मावतील ११० लिटर. एकशेवीस लांबीच्या बारीक पिंपातही सत्तर जाऊ शकते, त्यात १२२. आणि साधारण ८१ लांबीच्या पिंपात मावतात २०७. काठी एकच, माल जवळजवळ दुप्पट.

पण केप्लर तिथे थांबला नाही, आणि मला तो याच कारणाने आवडतो. विक्रेता लबाड आहे म्हणून तो मोकळा झाला नाही. ही काठी इतकी वर्षं चालते कशी, असं त्याने विचारलं. शोधल्यावर सापडलं की लांबी व्यासाच्या १.४१ पट असेल, दोनाच्या वर्गमुळाएवढी, तेव्हा त्या काठीला सगळ्यात जास्त माल मावतो, आणि तिथले पिंप करणारे कारागीर जवळपास याच प्रमाणात पिंप बांधत होते. सगळ्यात जास्त जिथे असतं त्याच्या आसपास बदल फार मंद असतो. ब्रह्मगिरीच्या माथ्यावर चार पावलं इकडेतिकडे झालो तर उंची बदलल्याचं कळत नाही, उतारावर लगेच कळतं. लांबी ८१ ऐवजी सत्तर किंवा नव्वद केली तरी माल २०७ वरून २०२-२०३ वर येतो, अवघा दोन-अडीच टक्के फरक. कारागिराच्या हातून थोडं कमीजास्त झालं तरी काठी खोटं बोलत नव्हती. अशा पिंपासाठी काठीच्या लांबीचा घन घ्या आणि ०.६ ने गुणा, झालं माप. आपलं पत्र्याचं बॅरल बघा, ८५ भागिले ५७, साधारण १.४९. तेही त्याच माथ्याजवळ उभं आहे.

१६१५ मध्ये केप्लरने या पिंपांवर लॅटिनमध्ये आख्खं पुस्तक काढलं. फुगीर पिंपासाठी जी रीत आज त्याच्या नावाने ओळखली जाते ती अशी: दोन्ही टोकांची क्षेत्रफळं, अधिक मध्याच्या क्षेत्रफळाची चौपट, भागिले सहा, गुणिले लांबी. ऐकल्यासारखी वाटते ना? भास्कराचार्यांची बारव ११५० ची आणि केप्लरचं पिंप १६१५ चं. एकाने दुसऱ्याचं वाचलं असेल असं मला म्हणायचं नाही. प्रश्न तोच होता, म्हणून उत्तर तेच आलं. समजा एक पिंप आतून टोकांना ५२ सेंटिमीटर व्यासाचं, पोटाशी ६२, लांबी ८३. टोकांची क्षेत्रफळं २,१२४ अधिक २,१२४, पोटाची चौपट १२,०७६. बेरीज १६,३२४, सहावा हिस्सा सुमारे २,७२१, गुणिले ८३. आले २२६ लिटर. वायनरीतलं नेहमीचं पिंप २२५ लिटरचंच असतं.

मुलांनो, घरी जाऊन हीच रीत लाडवाला लावा. वरचं टोक शून्य, खालचं शून्य, मध्याचं वर्तुळ चौपट. पुस्तकातलं गोलाच्या घनफळाचं सूत्र जसंच्या तसं बाहेर येईल. मग शंकूला लावा.

शेवटी धरण. मेरी, म्हणजे दिंडोरी रोडवरची आपली महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, हिचं एक काम धरणांतल्या गाळाचं मोजमाप हे आहे. धरणाला बाजू, व्यास, लांबी असं काही नसतं, नुसत्या दऱ्या आणि वळणं. मग कसं मोजायचं? पाण्याची पातळी ज्या दिवशी अमुक मीटरला होती, त्या दिवशीच्या उपग्रहाच्या चित्रावरून पाणी किती पसरलं आहे ते क्षेत्रफळ काढतात. पातळी उतरली की पुन्हा चित्र, पुन्हा क्षेत्रफळ. त्या दोन पातळ्यांच्या मधला थर म्हणजे वरून मोठं आणि खालून लहान असं एक उथळ तळं, आमच्या शेततळ्यासारखंच. वरचं क्षेत्रफळ, खालचं क्षेत्रफळ आणि दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, तिन्हींची बेरीज, भागिले तीन, गुणिले थराची जाडी. आमच्या तळ्याला लावून बघा: ९००, ५७६ आणि तीस गुणिले चोवीस, ७२०. बेरीज २,१९६, भागिले तीन, गुणिले तीन, पुन्हा २,१९६. असे थर रचत गेलं की धरणाचा आजचा साठा कळतो, आणि बांधतानाच्या साठ्याशी ताडला की किती गाळ बसला ते कळतं. पेपरात गंगापूर साठ टक्के येतं ते घनफळाचे टक्के असतात. भिंतीवर उभं राहून पाणी अर्ध्या उंचीवर दिसलं म्हणून पन्नास टक्के समजू नका. दरी वरून रुंद असते. टोक खाली केलेल्या शंकूच्या आकाराचं धरण असतं तर निम्म्या उंचीला आठवा हिस्साच पाणी असतं.

माझं बोलणं संपलं होतं, पण मागच्या रांगेतल्या आजींचा हात कधीचा वर आहे.

आजींनी विचारलं की त्यांच्याकडे सासूबाईंचा तांब्याचा हंडा आहे, गळ्याशी बारीक, पोटाशी मोठा, तळाशी पुन्हा बारीक, आणि एका बाजूला पोचा पडलेला. त्यात किती मावतं?

आजी, त्याला तोंड, तळ, मध्य काहीच लावू नका, पोचा कुठल्याच रीतीत बसत नाही. रद्दीवाल्याकडे किंवा किराण्याच्या दुकानात मोठा काटा असतो. रिकामा हंडा ठेवा, वजन लिहून घ्या. मग गळ्यापर्यंत भरा, पुन्हा वजन करा. वजाबाकी जितके किलो, तितके लिटर. आपल्या उन्हाळ्यातलं पाणी लिटरला किलोपेक्षा किंचित हलकं असतं, पण एका टक्क्याच्या आत. भरलेला हंडा मात्र तुम्ही उचलू नका, नातवाला सांगा. काट्यावर ठेवूनच तांब्याने भरला तर उचलायचीही गरज नाही.